स्थिर लायब्ररी : परभाषिक उपयोग

संगणकाच्या एका आज्ञावली-भाषेत लिहिलेली, यंत्रभाषेत रूपांतरित करून एका फाइलीत एकत्र ठेवलेली कार्ये दुसऱ्या भाषेत रचलेल्या चौकटीत समाविष्ट करून वापरणे, यास स्थिर लायब्ररीचा परभाषिक उपयोग असे म्हणतात. येथे लायब्ररी या शब्दाचा अर्थ ग्रंथालय असा नसून वारंवार लागणाऱ्या कार्यांचा तयार संग्रह असा आहे. गणित, प्रतिमांचे संपीडन, गुप्तलेखन, लिपीची मांडणी इ. कामांसाठी असे संग्रह तयार केलेले असतात. चौकट म्हणजे फ्रेमवर्क. तिच्यात एखाद्या प्रकारच्या आज्ञावलीचा सांगाडा आधीच उभा असतो व वापरणाऱ्याने त्यात आपल्यापुरता मजकूर भरावयाचा असतो. या दोहोंतील भेद नेमका आहे. आज्ञावली लायब्ररीला बोलावते. चौकट आज्ञावलीला बोलावते. त्यामुळे चौकटीत परभाषिक लायब्ररी बसविताना कामाचा क्रम, स्मृतीचा वापर व त्रुटींची हाताळणी या बाबी चौकटीच्या नियमांनुसार चालतात आणि लायब्ररीला त्या नियमांची काहीच कल्पना नसते. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे. [⟶ संगणक].

मराठी वाचकाला या प्रक्रियेचा अनुभव रोज येत असतो, मात्र तो तिला या नावाने ओळखत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘रामटेक’ किंवा ‘विद्यालय’ हे शब्द शुद्ध दिसतात, ते अक्षरांची जुळणी करणारी एक लायब्ररी तेथे बसविलेली असते म्हणून. ती सामान्यतः सी किंवा सी++ या भाषांत लिहिलेली असते. ज्या चौकटीत ती बसविली आहे तीवर काम करणारा आज्ञावलीकार मात्र जावा, डार्ट, पायथन यांसारख्या वेगळ्या भाषेत लिहीत असतो. ही जोडणी राहून गेली वा चुकली, तर दाखल्यावरील नाव वाचता येत नाही.

इतिहास : तयार कार्यांचा संग्रह ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक १९४९ मध्ये चालू झाला. त्यावर मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी छिद्रित कागदी फितींवर उपकार्ये साठवून ठेवण्याची पद्धत घालून दिली. तीवरील त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. फोर्ट्रान भाषा १९५७ मध्ये आली आणि गणिती लायब्ररींचा मोठा साठा त्या भाषेत निर्माण झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्यानंतर भारतातील अनेक शास्त्रज्ञांची फोर्ट्रानशी ओळख झाली. रेषीय बीजगणिताची लिनपॅक ही लायब्ररी १९७९ मध्ये व तिची उत्तराधिकारी लापॅक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. या लायब्ररी पुढे सी, पायथन व इतर भाषांतूनही वापरल्या जाऊ लागल्या, कारण दशकानुदशके पारखलेले गणित नव्या भाषेत पुन्हा लिहिणे म्हणजे जुन्या चुका नव्याने करणे होय. हवामानशास्त्रात याच्या उलट दिशेचे उदाहरण आढळते. तेथील प्रतिमाने प्रामुख्याने फोर्ट्रानमध्ये असतात व आकडेवारी साठविण्यासाठी ती सी भाषेतील नेटसीडीएफ ही लायब्ररी वापरतात.

भारतीय लिप्यांच्या बाबतीत हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजे सी-डॅकने जिस्ट हे तंत्र विकसित केले. त्याचा आरंभ कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत झाला होता. आरंभी अक्षरजुळणीचे काम संगणकात बसविलेल्या स्वतंत्र कार्डावर होत असे. इस्की हे भारतीय लिप्यांचे संकेतमान १९९१ मध्ये प्रमाणित झाले व युनिकोडमधील देवनागरीची मांडणी त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. संकेत ठरले, तरी त्यांवरून अक्षराकृती जुळविण्याचे काम प्रत्येक प्रणाली आपापल्या परीने करीत राहिली. विंडोज २००० मध्ये त्यासाठी युनिस्क्राइब हा घटक होता. क्यूट व पँगो यांचे स्वतंत्र घटक होते. एकच शब्द एका ठिकाणी शुद्ध व दुसऱ्या ठिकाणी मोडलेला दिसे, याचे हे एक प्रमुख कारण होय. फ्रीटाइप या प्रकल्पातील जुन्या संहितेतून हार्फबझ ही लायब्ररी पुढे आली. तिचे नाव फार्सी असून त्यात अक्षर या अर्थाचा ‘हर्फ’ हा शब्द आहे. बेहदाद एस्फाहबोद यांनी तिचे पुनर्लेखन केले व तिची १.० ही आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जावाच्या २०१७ मधील नवव्या आवृत्तीनेही जुना घटक सोडून हार्फबझ स्वीकारली. फ्लटर या चौकटीत लेखन डार्ट भाषेत होते, परंतु तिच्या सी++ मधील गाभ्यात हीच लायब्ररी आहे.

रचना व जोडणी : आज्ञावलीच्या प्रत्येक संहिता-फाइलीचे कंपायलर यंत्रभाषेत रूपांतर करतो. त्यातून निर्माण होणाऱ्या वस्तुफाइलीत दोन प्रकारची नावे असतात : आपण पुरवीत असलेल्या कार्यांची आणि आपल्याला बाहेरून हव्या असलेल्या कार्यांची. स्थिर लायब्ररी म्हणजे अशा वस्तुफाइलींचे गाठोडे व त्यावर नावांची सूची. लिंकर म्हणजे जोडक हे गाठोडे उघडतो आणि ज्या नावांची मागणी झाली आहे ती नावे असलेल्या वस्तुफाइली तेवढ्या उचलून अंतिम फाइलीत ठेवतो. उरलेल्या तो घेत नाही. गतिक लायब्ररी याहून वेगळी असते. ती स्वतंत्र फाइल म्हणून राहते व आज्ञावली चालू झाल्यावर स्मृतीत आणली जाते.

‘मागितले तेवढेच उचलावे’ हा नियम काटकसरीचा आहे, पण परभाषिक उपयोगात तो अनपेक्षित ठिकाणी अडवितो. चौकटीची भाषा लायब्ररीतील कार्य चालू असताना नावाने शोधणार असेल, तर जोडणीच्या वेळी त्या नावाची मागणी कोणीच केलेली नसते. लिंकर ती वस्तुफाइल निरुपयोगी समजून वगळतो. बांधणी विनातक्रार पूर्ण होते आणि आज्ञावली चालविल्यावर कार्य सापडत नाही. यावर उपाय म्हणून संपूर्ण गाठोडे उचलण्याची आज्ञा लिंकरला द्यावी लागते, किंवा त्या नावांचा उल्लेख करणारी एक लहानशी फाइल मुद्दाम लिहावी लागते.

क्रमाचाही प्रश्न असतो. युनिक्स परंपरेतील लिंकर लायब्ररींची यादी डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो, म्हणून मागणारी लायब्ररी आधी व पुरविणारी नंतर लिहावी लागते. हार्फबझ फाँट वाचण्यासाठी फ्रीटाइपचा आधार घेऊ शकते आणि फ्रीटाइपही आपल्या एका कामासाठी हार्फबझचा आधार घेऊ शकते. दोन्ही सोयी एकाच वेळी चालू ठेवून त्यांची स्थिर जोडणी केली, तर कोणताही एक क्रम पुरा पडत नाही. अशा वेळी एक नाव यादीत दोनदा लिहितात किंवा दोघींचा गट करून तो पुन्हापुन्हा तपासण्यास लिंकरला सांगतात. गतिक लायब्ररी आपल्या गरजांची यादी स्वतःबरोबर बाळगते. स्थिर लायब्ररी तशी बाळगत नाही. तिला आणखी काय लागते हे जोडणाऱ्यालाच ठाऊक असावे लागते.

भाषांच्या सीमेवरील करार : यंत्रभाषेत आल्यावर सर्व भाषा सारख्या होतात, असा समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. आज्ञा सारख्या होतात. संकेत वेगळे राहतात. पहिला संकेत नावांचा. सी भाषेत कार्याचे नाव वस्तुफाइलीत जवळजवळ तसेच उतरते. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक कार्ये असू शकतात, म्हणून कंपायलर नावात परिमाणांचे प्रकार गुंफून ते लांब व दुर्बोध करतो. फोर्ट्रानचे बरेच कंपायलर नाव लहान लिपीत आणून शेवटी अधोरेषा जोडतात. यामुळे सी++, रस्ट, गो इत्यादींपैकी कोणत्याही भाषेतील लायब्ररी बाहेर द्यावयाची असल्यास तिचा दर्शनी भाग सी भाषेच्या संकेताप्रमाणे ठेवण्याची प्रथा रूढ झाली आहे. हार्फबझ आतून सी++ मध्ये आहे, पण तिची दारे सी पद्धतीची आहेत. तिच्या एवढ्या प्रसाराचे श्रेय लिपीज्ञानाइतकेच या निर्णयालाही द्यावे लागेल. गो भाषेत अशी स्थिर लायब्ररी बांधण्याची सोय २०१५ मधील १.५ या आवृत्तीपासून आहे.

दुसरा संकेत परिमाणे कोठे ठेवावीत याचा. ६४-बिट इंटेल पद्धतीच्या प्रक्रियकावर लिनक्स प्रणाली पहिली सहा पूर्णांक परिमाणे रजिस्टरांतून पाठविते, तर विंडोज पहिली चारच. सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांक ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटांचा व ६४-बिट विंडोजवर ४ बाइटांचा असतो. १ बाइटाचे चिन्ह व ४ बाइटांचा पूर्णांक एकत्र ठेवले, तर त्यांची रचना साधारणतः ५ नव्हे, तर ८ बाइट व्यापते, कारण मध्ये तीन बाइट रिकामे सोडले जातात. चौकटीच्या भाषेत ही रचना पुन्हा वर्णन करणाऱ्याने ते तीन बाइट विसरले, तर पुढचा प्रत्येक आकडा चुकीच्या जागेवरून वाचला जातो. फोर्ट्रान सारणी स्तंभांनुसार साठविते, सी ओळींनुसार. हा भेद दुर्लक्षिला तर त्रुटीचा संदेश येत नाही, चुकीचे उत्तर येते. आणि हे अधिक वाईट होय.

तिसरा संकेत मालकीचा. लायब्ररीने मागून घेतलेली स्मृती लायब्ररीच्याच कार्याने परत केली पाहिजे. जावा, डार्ट, पायथन या भाषांत निरुपयोगी स्मृती आपोआप परत घेतली जाते, परंतु ही व्यवस्था परभाषिक स्मृतीला लागू नसते. याउलट, चौकटीने दिलेला मजकूर लायब्ररी वापरत असतानाच स्वयंचलित सफाईने तो हलविला, तर लायब्ररीच्या हाती जुना पत्ता उरतो. लायब्ररीत उद्‌भवलेली अपवादस्थितीही सीमेपलीकडे जाऊ देता कामा नये. ती आतच पकडून साध्या अंकी संकेताच्या रूपाने बाहेर कळवावी लागते.

देवनागरी मजकुराचे उदाहरण : नागपूर जिल्ह्यातील रामटेक हे मेघदूतातील रामगिरी होय, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. तेथे १९९७ मध्ये कालिदासाच्या नावाने संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले. ‘कालिदास’, ‘विश्वविद्यालय’ व ‘रामटेक’ हे तीन शब्द छापणारी एखादी आज्ञावली घेतली, तर वरील बहुतेक प्रश्न समोर येतात.

‘रामटेक’ या शब्दात युनिकोडचे सहा संकेत आहेत : र, काना, म, ट, मात्रा व क. जावा व डार्ट या भाषांच्या दृष्टीने त्याची लांबी ६ आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइटांचा होतो, म्हणून सी भाषेतील लायब्ररीच्या दृष्टीने तीच लांबी १८ आहे. चौकटीकडून यूटीएफ-८ मजकुरासोबत ६ हा आकडा गेला, तर लायब्ररी पहिले सहा बाइट वाचून थांबते आणि पडद्यावर केवळ ‘रा’ उमटते. इंग्रजी मजकुरात एक अक्षर एका बाइटात मावते, त्यामुळे इंग्रजीवर तपासलेल्या जोडणीत ही चूक दिसून येत नाही. ‘विश्वविद्यालय’ या शब्दात १३ संकेत व ३९ बाइट आहेत.

मजकूर पूर्ण पोहोचला तरी जुळणी उरते. ‘कालिदास’मध्ये ऱ्हस्व वेलांटीचा संकेत ल नंतर साठविलेला असतो, पण ती ल च्या आधी काढावयाची असते. जुळणी करणारी लायब्ररी नसेल, तर वेलांटी ल नंतर येऊन द वर बसते आणि कविकुलगुरूंचे नाव ‘कालदिास’ असे काहीसे दिसू लागते. ‘विश्वविद्यालय’मधील श्व व द्य ही जोडाक्षरे फुटून पाय मोडलेले श् व द् दिसतात. कागदपत्रे तयार करणाऱ्या अनेक चौकटींत मराठीची ही दुर्दशा आढळते. तिचा दोष पुष्कळदा फाँटाला दिला जातो. वस्तुतः फाँटामध्ये जोडाक्षरे असतात, ती निवडणारी लायब्ररी जोडलेली नसते.

मराठीची स्वतःची एक गरज याहून सूक्ष्म आहे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला व ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. युनिकोडमध्ये या दोन शब्दांत एकाच संकेताचा फरक आहे : पहिल्यात र, दुसऱ्यात नुक्तायुक्त ऱ. पहिल्यातील र् रफार होऊन य च्या डोक्यावर जातो, तर दुसऱ्यातील ऱ् आडव्या रूपाने य च्या आधी राहतो. केवळ हिंदीसाठी तपासलेला जुळणीघटक येथे हमखास चुकतो, कारण हिंदीला हा भेद लागत नाही. हार्फबझला मजकुरासोबत भाषा कोणती हेही सांगता येते. काही फाँटांत मराठी व हिंदी पद्धतीचे ल आणि श दोन्ही असतात आणि भाषा मराठी असल्याचे कळले तरच मराठी रूपे निवडली जातात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीयुक्त ल व देठयुक्त श प्रमाण मानले. जोडणी लिहिणाऱ्याने भाषेचे परिमाण रिकामे सोडले, तर ही रूपे फाँटात असूनही छापली जात नाहीत. लायब्ररी बिनचूक, फाँट बिनचूक, तरीही मजकूर प्रमाणलिपीस सोडून, अशी ही स्थिती आहे.

आभासी यंत्रावरील चौकटी : जावा, डॉटनेट व पायथन यांवरील चौकटी आभासी यंत्रावर किंवा दुभाष्याच्या साहाय्याने चालतात. वापरणाऱ्याच्या आज्ञावलीला तेथे यंत्रभाषेतील जोडणीची पायरीच नसते, म्हणून स्थिर लायब्ररी सरळ बसत नाही. रूढ मार्ग असा : स्थिर लायब्ररीभोवती सी भाषेत पातळ आवरण लिहावयाचे, दोन्ही मिळून एक गतिक लायब्ररी बांधावयाची आणि ती चौकटीकडून उघडवावयाची. जावामध्ये यासाठी जेएनआय हे साधन १९९७ पासून आहे. पायथनमध्ये सीटाइप्स २००६ पासून समाविष्ट आहे. येथे एक अट आहे. गतिक लायब्ररी स्मृतीत कोठेही ठेवली जाऊ शकते, म्हणून तिच्यात जाणारी प्रत्येक वस्तुफाइल स्थाननिरपेक्ष पद्धतीने कंपाइल केलेली असावी लागते. दुसऱ्याने बांधून दिलेली स्थिर लायब्ररी तशी नसेल, तर लिनक्सवर जोडणी अडते आणि मूळ संहिता मिळवून ती पुन्हा बांधण्यावाचून गत्यंतर नसते. यासाठीच बांधलेल्या फाइलीबरोबर संहिताही मागून घेणे शहाणपणाचे ठरते.

भ्रमणध्वनींवर याहून वेगळी बंधने होती. ॲपलच्या आयओएस प्रणालीत आठव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, इतरांना स्वतःच्या गतिक लायब्ररी समाविष्ट करता येत नव्हत्या. स्थिर लायब्ररी हा एकच मार्ग होता. पुढे प्रत्यक्ष यंत्र व अनुकरणयंत्र या दोहोंचा प्रक्रियक एकाच जातीचा झाला आणि दोघांसाठी बांधलेल्या फाइली जुन्या पद्धतीने एका फाइलीत ठेवता येईनात. त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणारे एक्ससीफ्रेमवर्क हे वेष्टन ॲपलने त्याआधीच, २०१९ मध्ये, आणले होते.

मर्यादा : स्थिर जोडणीने आज्ञावली स्वयंपूर्ण होते व दुसऱ्या यंत्रावर नेणे सोपे जाते. पण लायब्ररीतील दोष दुरुस्त झाला तरी आधीच जोडलेल्या प्रती तशाच राहतात. झेडलिब या संपीडन-लायब्ररीत २००२ मध्ये सुरक्षिततेचा दोष आढळला, तेव्हा ती कोणकोणत्या आज्ञावल्यांच्या पोटात आहे हे शोधणे हेच मोठे काम होऊन बसले. सप्टेंबर २०२३ मध्ये सी भाषेतील लिबवेबपी या प्रतिमा-लायब्ररीबाबत तसेच घडले. ती अनेक ब्राउझरांत व चौकटींत अंतर्भूत होती आणि प्रत्येकीची नवी आवृत्ती काढावी लागली. एकाच आज्ञावलीत एका लायब्ररीच्या दोन प्रती, एक चौकटीबरोबर व दुसरी आपण जोडलेली, अशा आल्या तर नावे एकमेकांवर आदळतात. तसे झाले नाही, तर एका प्रतीने तयार केलेली वस्तू दुसरीच्या हाती जाऊन आज्ञावली कोलमडते. जोडण्यापूर्वी चौकटीच्या पोटात काय आहे ते पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

परवान्याकडेही पाहावे लागते. हार्फबझचा परवाना उदार असल्याने ती कोठेही जोडता येते. एलजीपीएल हा परवाना असलेली लायब्ररी बंद संहितेच्या आज्ञावलीत स्थिर पद्धतीने जोडल्यास, वापरणाऱ्याला त्या लायब्ररीची सुधारित प्रत घालून पुन्हा जोडणी करता येईल अशी सोय द्यावी लागते; व्यवहारात आपल्या वस्तुफाइली उपलब्ध करून द्याव्या लागतात. ही अट मान्य नसणारे गतिक जोडणी निवडतात, अथवा लायब्ररीचे काम स्वतंत्र प्रक्रियेत चालवून तिच्याशी संदेशांद्वारे देवाणघेवाण करतात. या दुसऱ्या मार्गात वेग काहीसा घटतो, मात्र लायब्ररी कोलमडली तरी चौकट चालू राहते.